लिब्रेऑफिस : पापाच्या तिकटीवरील एका दुकानाचा अनुभव

कोल्हापुरातील पापाच्या तिकटीजवळील आमच्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानातील मालाचा साठा आणि कारागिरांची उचल गेली दोन वर्षे आम्ही लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअर संचातील कॅल्क या हिशेबतक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नोंदवीत आहोत. २०१० मध्ये ओपनऑफिस या तशाच संचामधून वेगळ्या झालेल्या या मुक्तस्रोत (म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) संचाला परवाना शुल्क नाही, हे खरेच. परंतु माझ्या दृष्टीने मोठा लाभ निराळा आहे. त्याच्या फायली ओडीएफ या खुल्या, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मान्य केलेल्या स्वरूपात साठवल्या जात असल्यामुळे उद्या आम्ही हा संच सोडला, तरी आमचा हिशेब कोणा एका कंपनीच्या दारात अडकून पडणार नाही. आमच्या जुन्या संगणकावरही तो चालतो. उघडायला मात्र अंमळ वेळ घेतो, तेवढ्यात गिऱ्हाईक एक जोड घालून पाहते. मराठी मेनूही उपलब्ध आहे.

त्रास होतो तो बाहेरून आलेल्या डॉक्स (मायक्रोसॉफ्ट वर्डच्या) फायलींचा, कारण त्यांतील तक्ते कधी कधी विस्कटतात आणि ते नीट लावण्यात अर्धी दुपार जाते. म्हणून दरपत्रके आम्ही पीडीएफमध्येच पाठवतो, आणि ती सोय रायटर या संचातील लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये एका बटणावर आहे.