जुन्या मिलिटरी जीपची ट्रान्सफर केस नव्याने बांधली: चवथीपासून काजूच्या हंगामापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. घातलेला पैसा आणि वेळ दोन्ही वसूल झाले. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जे ती खरोखर रानात, चढावर, ओझं लादून वापरतात, त्यांनी हे काम जरूर करावं.

गाडी महिंद्राची सीजे-थ्री-बी, लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आमच्याकडे आलेली. लष्करी हिशेबात हा पाव टनी ट्रक, आणि गोव्यातल्या सत्तरीत आम्ही तिला ट्रकासारखंच राबवतो. नारळ, सुपारी, काजूच्या बिया, कधी मागे ट्रेलर जोडून चिरे. हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला डाना १८ ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणारा आणि हाय (नेहमीचा) व लो (सावकाश, जास्त ताकदीचा) असे दोन गिअर असलेला डबा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीपासून चालत आलेला हा डबा बिडाचा, आत चेन नाही, सगळं गिअरवर.

काम काढलं तेव्हा तक्रारी तीन होत्या. चालता चालता डब्यातून येणारी घरघर वाढत वाढत बोलणं ऐकू येईनासं झालं होतं. चढावर ओझं असताना लो गिअर आपोआप सुटायचा. आणि हॅण्डब्रेक धरत नव्हता. या गाडीत हॅण्डब्रेकचा ड्रम चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच असतो. तिथलं ऑइल सील गेलं की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर. घाटात गाडी उभी करून चाकाखाली दगड लावणारे जीपवाले तुम्ही पाहिले असतील, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं.

डबा उघडल्यावर मूळ रोग दिसला तो मधल्या शाफ्टवर. डाना १८ मध्ये हाय असो की लो, ताकद नेहमी मधल्या गिअरमधूनच जाते. तो गिअर नीडल रोलरवर फिरतो, पण त्याच्या पोटातला शाफ्ट फिरत नाही, तो मागच्या बाजूला एका पट्टीने अडकवलेला असतो. एका बाजूने गिअरबॉक्सचा गिअर ढकलतो, दुसऱ्या बाजूने आउटपुटचा गिअर, आणि दोन्हींचा दाब शाफ्टच्या एकाच अंगावर पडतो. आमचा शाफ्ट हातात घेऊन फिरवला तर एक बाजू आरशासारखी, आणि दुसऱ्या बाजूला ओळीने खाचा, नखाला अडकतील इतक्या. पितळी थ्रस्ट वॉशर कडेला कागदासारखे झाले होते. हे असं असताना नवीन सील टाकून उपयोग नव्हता, कारण गिअर डुगडुगत होता आणि आवाज तिथूनच येत होता.

एमबीला हा शाफ्ट पाऊण इंची होता. पुढे तो सव्वा इंचापर्यंत जाड केला गेला, यावरूनच कळतं की नाजूक जागा कुठली. बाजारातून आणलेला पहिला शाफ्ट मी परत केला. कानशीचा फटका मारला तर ती चरचरत आत गेली. चांगल्या पाणी दिलेल्या शाफ्टवरून कानस घसरायला हवी. विकत घेताना एवढी परीक्षा दुकानातच करा, टोकाला करा म्हणजे कामाची जागा बिघडत नाही.

लेथचं काम डिचोलीत झालं. खाणींच्या काळात टिपरांचे गिअरबॉक्स बांधलेला हात आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही. शाफ्ट जिथे डब्यात बसतो ते भोक ढिलं झालं होतं, तिथे त्याने बुश बसवला आणि शाफ्टच्या टोकाला ओ-रिंगसाठी खाच पाडली. मूळ रचनेत तिथून तेल पाझरतंच. आता पाझरत नाही. हा बदल छोटा आहे, पण माझ्या मते सगळ्यात हिशेबी.

सगळ्यात जास्त वेळ शिममध्ये, म्हणजे फट जमवायच्या पातळ चकत्यांमध्ये, गेला आणि जायलाच हवा होता. आउटपुट शाफ्ट दोन टेपर बेअरिंगवर बसतो. मागच्या झाकणाखाली पातळ शिम कमीजास्त करून त्याचा पुढेमागे होणारा प्ले जमवायचा, ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान. बरेच मिस्त्री हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणतात. आमच्या मिस्त्रींनी डायल गेज लावलं, झाकण कसलं, काटा पाहिला, परत उघडलं, शिम बदलला. काटा हवा तिथे थांबेपर्यंत हेच चाललं. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जातं, ढिलं राहिलं तर शाफ्ट सरकतो आणि ओझ्याखाली गिअर सुटतो. आमचा लो सुटायचा तो यामुळे आणि झिजलेल्या दातांमुळे. सरकता गिअर बदलला, खटक्याच्या गोळ्या आणि स्प्रिंगही नवीन घातल्या.

आता मुख्य बदल. मूळ रचनेत पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही. दोन सिलेक्टर दांड्यांच्या मध्ये एक छोटी लोखंडी गोळी असते, ती अडवते. कारण योग्यच आहे: लोची सगळी ताकद एकट्या मागच्या ॲक्सलवर जाऊ नये. आम्ही ती गोळी काढली. त्यामुळे टू-लो मिळालं, म्हणजे लो गिअर, पण फक्त मागची चाकं.

याचा उपयोग कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळींच्या बागेत, कळतो. पोफळींच्या मधल्या अरुंद वाटेवर ट्रेलर मागे घ्यायचा म्हटलं की हळूहळू, वळत वळत जावं लागतं. पुढचा ॲक्सल जोडलेला असेल तर कठीण जमिनीवर वळताना सगळी गाडी आवळल्यासारखी होते, कारण या केसमध्ये मधला डिफरन्शियल नाही. टू-लोत ती ओढाताण संपली. आमच्या गाडीत पहिला गिअर २.८०, लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८. गुणाकार केला तर इंजिनाचे ३७ फेरे आणि चाकाचा एक. क्लच न जाळता माणसाच्या चालीपेक्षा सावकाश मागे येता येतं. अंगणात चिऱ्यांच्या फरशीवर तर हाच गिअर मी सगळ्यात जास्त वापरतो.

पण टू-लोत जोराने ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, चढावर ओझं ओढायचं नाही. तिथे फोर-लोच, म्हणजे लो गिअर आणि चारही चाकं. आणि ओल्या उतारावरसुद्धा फोर-लो, कारण इंजिनाचा अडसर चारही चाकांना मिळायला हवा. चवथीनंतरच्या पावसात केरीकडच्या लाल चिखलात हा फरक स्पष्ट जाणवला: टू-लोत मागची चाकं घसरायला लागली, फोर-लोत गाडी सरळ उतरली. पुतण्याही गाडी चालवतो, म्हणून डॅशबोर्डवर लिव्हरच्या नव्या जागांची पट्टी रंगवून घेतली.

तेलाबद्दल. एसएई ९० जाडीचं, पण जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं पितळेला मारक ठरू शकतात, आणि इथे थ्रस्ट वॉशर व गिअरबॉक्सचे सिंक्रो रिंग दोन्ही पिवळ्या धातूचे. गिअरबॉक्सच्या मागे एका बाजूने सील असलेलं बेअरिंग घातल्यापासून तेल एका डब्यातून दुसऱ्यात जायचं थांबलं. ब्रीदरला (डब्यातली हवा बाहेर जायच्या तोंडाला) नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेली, त्यामुळे ओहोळ ओलांडल्यावरही तेल दुधाळ झालं नाही.

आजची स्थिती अशी. लो एकदाही सुटलेला नाही. हॅण्डब्रेक चोर्ला घाटाच्या चढावर भरलेली गाडी धरतो. आवाज पूर्ण गेलेला नाही आणि जाणारही नाही, सरळ हायमध्येही गिअरवर गिअर फिरतो. घरघर मात्र संपली, एकसारखा बारीक सूर राहिला. सिलेक्टर दांड्यांच्या सीलपाशी किंचित ओल दिसते, थेंब पडत नाही. काजूच्या हंगामात रोज डोंगर चढूनही डब्यावर हात ठेवता येतो.

पहिलं तेल लवकर काढलं. मॅग्नेटच्या बुचावर बारीक काळी भुकटी होती, तुकडा एकही नव्हता. पावसाआधी खालचं पत्र्याचं झाकण काढून मधल्या गिअरचा प्ले पुन्हा मोजणार आहे, आणि त्याच वेळी पुढच्या आउटपुटचं सील बदलून घेईन, कारण तेवढं एक जुनंच ठेवलं होतं.