गंगापूर डॅमजवळचा आकाशदर्शन प्रोग्राम, जावं का?
चार स्टार. विषय होता अमेरिकेतले प्युब्लो म्हणजे तिथले मूळचे आदिवासी लोक आकाश कसं वाचायचे, सांगणारा दादा एक नंबर! न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅनियनमध्ये फहादा ब्युट म्हणून टेकडीय, तिथे तीन दगडी फळ्या कड्याला टेकून उभ्यात आणि त्यांच्या फटीतून 21 जूनच्या आसपास दुपारच्या जरा आधी उन्हाची सुरी कातळात कोरलेल्या चक्राच्या बरोबर मधून खाली सरकायची, हिवाळ्यात दोन सुऱ्या चक्राच्या दोन्ही कडांना. 1989 ला कळलं की फळ्या हलल्यात, संपला खेळ. होपी लोक (हेही प्युब्लोच) तर क्षितिजावर सूर्य कुठून उगवतो बघून मका पेरायचे, आपल्या मृगासारखंच. चहा मात्र नुसतं पाणी आणि डास भयंकर, फुल बाह्यांचं घालून जा. टेलिस्कोपला एवढी रांग की आमच्या पिंट्याला शनी दिसेपर्यंत झोप लागली.