होडीच्या फायबरचं सामान गाडीच्या स्पीकर पॅनलला: काय घ्यावं, काय ठेवून यावं

मिरकरवाडा असो, हर्णे असो की मालवण, जिथे फायबरच्या होड्यांची डागडुजी चालते तिथे रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारं दाट द्रव) आणि मॅट (काचतंतूंची चादर) सुटं, वजनावर मिळतं. गाडीच्या दारात ६.५ इंची स्पीकरसाठी पॅनल घडवायचं असेल तर डबाबंद छोट्या किटपेक्षा हेच सामान घ्यावं. खप भरपूर असल्यामुळे माल ताजा मिळतो, आणि जुनं रेझिन घट्ट होत जातं म्हणून ते महत्त्वाचं. मात्र होडीला लागतं ते सगळं पॅनलला लागत नाही.

रेझिन साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर पुरतं. आयसोफ्थॅलिक रेझिन पाण्यात राहणाऱ्या वस्तूसाठी असतं, आतल्या पॅनलला त्याचे जादा पैसे घालू नयेत. जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) ही नको, कारण पृष्ठभागावर शेवटी पुट्टी आणि रंग किंवा रेक्झिन येणारच. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन घेणार असाल तर चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या तंतूंची मॅट) घेऊ नका. त्या मॅटमधले तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट कडक राहते, वळणावर बसत नाही.

मॅट ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम). एका थराने साधारण १ मिमी जाडी मिळते, म्हणून तीन थर पुरेसे. स्पीकर बसतो त्या रिंगभोवती चौथा द्यावा, नाहीतर बास वाजताना पॅनल थरथरतं. खोल वळणं असतील तर ३०० जीएसएम सोपी जाते. वजनाने मॅटच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. दोन दारांच्या मध्यम आकाराच्या पॅनलना दीड चौरस मीटर मॅट आणि २ किलो रेझिन धरा. मॅटला लागून उरलेलं रेझिन वर ताणायचं फ्लीस कापड पिऊन टाकतं. कापड पॉलिएस्टर फ्लीसच असावं. सुती कापड हवेतला ओलावा धरून ठेवतं.

खरी काळजी हार्डनरची. हार्डनर पॉलिएस्टर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. मे महिन्याच्या उकाड्यात १ टक्क्याजवळ राहा: २०० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजून. त्याहून फार कमी केलंत तर पॅनल कधीच पुरतं कडक होत नाही, आणि वाढवलंत तर डब्यातच तापून गोळा होतो. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. रेझिन गुलाबी-जांभळट दिसत असेल तर कोबाल्ट (हार्डनरचं काम जलद करणारं द्रव) आधीच घातलेलं आहे. तरीही दुकानदाराला विचारून घ्या. वेगळं दिलं असेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मगच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये: भडका उडतो. दोन्ही बाटल्या घरी नेतानासुद्धा वेगळ्या पिशव्यांत ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि नायट्राइल हातमोजे हवेतच. स्टायरीनच्या वासाला कापडी मास्क काही कामाचा नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लावलेला मास्क घ्या.

पावसाळ्यात हे काम टाळलेलं बरं. ओली मॅट रेझिन नीट पीत नाही, पांढुरकी राहते, आणि थर पुढे सुटतात. करायचंच असेल तर मॅट प्लास्टिकमध्ये बंद ठेवा आणि काम कोरड्या, हवेशीर खोलीत.

रिंग एमडीएफची (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) अजिबात नको. खाऱ्या दमट हवेत, शिवाय दारातून झिरपणाऱ्या पाण्याने तो फुगतो आणि स्क्रूची पकड जाते. १२ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० छापाचा, कडांनाही रेझिन पाजून वापरावा. भोकाचं माप स्पीकरवर मोजूनच कापावं, आणि त्याआधी काच पूर्ण खाली घेऊन मागचं चुंबक तिला लागत नाही ना हे पाहावं.

दाराच्या मूळ पॅनलवर मास्किंग टेप, त्यावर फॉइल, त्यावर वॅक्स, मग पहिले दोन थर. रोलरने हवा काढून. तो तळ सुटला की रिंग टेकूवर बसवून फ्लीस ताणायचं. इथे राहिलेली सुरकुती पुट्टीने झाकली तर तिथेच तडा जातो. रेझिन लावण्याआधी कापड पुन्हा ताणा. उरलेले मॅटचे थर आतून द्यायचे, एका दमात दोनच. जाड थर एकदम ओतला तर उष्णतेने चिरतो. आकार द्यायला थर्माकोल वापरू नका, स्टायरीन त्याला वितळवतं.

वरचा थर चिकट राहिला तर घाबरायचं कारण नाही, हवेमुळे तसं होतं. ॲसिटोनने पुसून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पुट्टी मात्र गाडीच्या रंगाच्या दुकानातून, पॉलिएस्टरची घ्यावी. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त बारीक ओरखड्यांसाठी. स्क्रू स्टेनलेसचे. आणि तयार पॅनल वास जाईपर्यंत काही दिवस उन्हात ठेवून मगच गाडीत बसवावं.