अपघात क्लेमचे ४ लाख १० हजार आईच्याच खात्यातून गेले

लिहायला लाज वाटतेय, पण ती माणसं अजून हेच करतायत म्हणून लिहितो.

२०२३ मध्ये यवतजवळ टेम्पोने आईला उडवलं, मांडीत रॉड टाकावा लागला. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डात एक जण हजर, एफआयआरची कॉपी माझ्याआधी त्याच्या हातात! अपघाताच्या नुकसानभरपाईचे क्लेम वकिलाकडे नेणारे असले एजंट कसे फिरतात ते सगळ्यांना माहितीय, मलाही होतं, पण मी तेव्हा रक्ताच्या बाटल्या आणि बिलं यांच्यात अडकलेलो आणि तो खोटंही बोलत नव्हता, १ एप्रिल २०२२ पासून क्लेम सहा महिन्यांत टाकायचा असा नियम आलाय हे खरंच आहे. म्हणाला आधी काही नको, क्लेम मिळाला की ३० टक्के वकीलसाहेबांचे. अहो, अशी टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नुसता अर्ज करायचा! हे कोणी सांगितलं नाही. ‘आधी काही नको’वाल्याने टायपिंग-स्टॅम्पचे २५,००० आणि अपंगत्वाच्या दाखल्याचे १२,००० घेतलेच, पावती एकाचीही नाही.

पण खरं फसलो ते बँकेत. क्लेमची रक्कम अर्जदाराच्याच खात्यात येते, म्हणून कोर्टाजवळच्या शाखेत नवीन खातं काढायला नेलं. आई वॉकर धरून बाकावर. फॉर्म तोच भरत होता, मोबाइल नंबरच्या चौकोनांत एकेक आकडा टाकत होता आणि तो नंबर त्याचा होता. मी बघितलं. विचारलंसुद्धा. ‘मावशींना मेसेज कुठे वाचता येतात, मी कळवतो ना.’ आणि मी गप्प बसलो, दहा आकडे पुरे होईपर्यंत गप्प. नंतर पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर आईच्या सह्या, कोर्टाला लागतात म्हणे. कोर्टाला विड्रॉल स्लिप लागत नाही, कधीच नाही!

लोकअदालतीत तडजोड झाली, इंग्रजी कागदावर आईची सही घेतली, आम्हाला आकडा सांगितला ३,००,०००. तीस टक्के कापून २,१०,००० हातात. चार महिन्यांनी मी पासबुक छापून आणलं तेव्हा दिसलं, जमा ६,२०,००० आणि तीन दिवसांत सगळे काढलेले.

मॅनेजर म्हणतो सह्या तुमच्या आईच्याच आहेत. चौकीत म्हणाले दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. अहो कोर्टातूनच तर आलोय! पाच चकरा मारल्या, अर्ज घेतला नाही, घेतला तर पोच नाही, एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा ‘वकिलाविरुद्ध कशाला पडता’, आणि आईला जिना चढवून वर नेलं तर म्हणे उद्या या. वकील म्हणतो एजंट कोण, मी ओळखत नाही. वकीलपत्रावर त्याचीच सही आहे!

तडजोडीच्या हुकमाची सर्टिफाइड कॉपी स्वतः काढा. पासबुक घरात, नंबर घरातला. वकिलाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली होते, ती मी आता करतोय, पासबुकाचं ते पान जोडून.