व्यसनमुक्तीच्या नावाखाली ८१,५०० रुपये: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी पैसे भरण्याआधी वाचा

भावोजींची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, दारू सोडवायला एका खाजगी केंद्राने आमच्याकडून घेतलेले पैसे असे. बुकिंग ५,०००. माणूस उचलून न्यायची गाडी ८,५००. दोन महिन्यांचे आगाऊ ३६,०००. ‘डिटॉक्स पॅकेज’, म्हणजे दारू तोडतानाचे उपचार, १४,५००. कपडे, साबण, अंथरुणाचं किट २,२००. समुपदेशन ६,०००. आणि माणूस परत ताब्यात देताना ‘थकबाकी’ ९,३००. बेरीज ८१,५००. यातला एक रुपया परत आलेला नाही. पुढे सरकारी दवाखान्यात ज्या उपचारांनी भावोजी वाचले, त्यांचा खर्च या रकमेच्या पासंगालाही पुरणार नाही.

केंद्राचं नाव देत नाही, वकिलांनी मना केलंय. तसंही अशा ठिकाणचा फ्लेक्स एका रात्रीत बदलतो. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धतच लिहितो.

मोबाईलवर ‘व्यसनमुक्ती केंद्र बेळगाव’ टाकलं की वर जी नावं येतात त्यातली बरीच बेळगावात नसतातच. कोण पुण्याचं, कोण हुबळीचं, कोण नुसताच फोन नंबर. तो नंबर दलालाचा असतो. तुम्ही टिळकवाडीतून फोन करा नाहीतर खानापुरातून, ‘आमची शाखा तुमच्या जवळच आहे’ हेच ऐकायला मिळणार, आणि जो केंद्रवाला कमिशन जास्त देईल त्याच्याकडे पेशंट रवाना होणार. तो नंबर जसाच्या तसा पुन्हा सर्च करा. एकच नंबर वेगवेगळ्या नावांच्या केंद्रांखाली निघाला की फोन ठेवून द्या. फोटोंवर तर जाऊच नका. आम्हाला दाखवलेल्या पानावर चार मजली इमारत, बाग आणि पांढऱ्या चादरी होत्या. प्रत्यक्षात सीमेपलीकडे महाराष्ट्रात, मुख्य रस्त्यापासून आत, पोल्ट्रीचं जुनं पत्र्याचं शेड. रिव्ह्यू सगळे पाच ताऱ्यांचे, सगळे एकाच आठवड्यात टाकलेले, आणि एकातही डॉक्टरचा उल्लेख नाही.

आता ज्या जागी खटकायला हवं होतं ती जागा. फोनवरच्या माणसाने बहिणीला विचारलं: वजन किती, अंगात जोर किती, गल्लीत गाडी येते का, शेजारी आरडाओरडा करतील का, घरात कमावतं कोण, शेत नावावर आहे का, पैसे फोनवरून की रोख. ‘ताई, तुम्ही निवांत झोपा ओ, आमची पोरं पहाटे येतात.’ एवढं सगळं विचारलं, आणि शेवटची कधी घेतली हे विचारलंच नाही. तिथंच फोन ठेवायला हवा होता. रात्रीबेरात्री दार आतून लावून, पोरांना पोटाशी घेऊन बसलेल्या बाईला त्या वेळी काय काय सुचायला हवं होतं, हे ज्यांना नंतर सगळं सुचतं त्यांनी सांगू नये. ‘शिकलेली माणसं कशी फसली’ हे आम्ही पुष्कळ ऐकलंय. दवाखान्यात नेलं तर गावभर होईल, ही भीती शिकलेल्यालाच जास्त असते, आणि हा धंदा त्याच भीतीवर चालतो.

तो प्रश्न एवढा महत्त्वाचा का, तेही नीट समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. फिट यायचा धोका पहिल्या ४८ तासांत मोठा. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेले किडे आणि माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी धावते, आणि उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. म्हणून खरा डॉक्टर आधी विचारतो की शेवटची कधी, रोज किती, पूर्वी सोडताना फिट आली होती का, कावीळ झालेली का, साखर आहे का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. मग रक्त तपासून क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी मापात सुरू करतात आणि ती कमी करत करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद करतात. यकृत बिघडलेलं असेल तर बहुधा लोराझेपाम. शिवाय थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी. हा क्रम उलटा झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘आम्ही औषधाशिवाय, फक्त ध्यान आणि प्रार्थनेने दारू सोडवतो’ असं कोणी म्हटलं, की रोज पिणारा माणूस त्याच्या हाती देऊ नका. प्रार्थना दहा दिवसांनंतरही करता येते.

आमच्या १४,५०० रुपयांच्या पॅकेजची मेडिकलची बिलं नंतर भांडून मिळवली. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, पोट साफ करायचं चूर्ण. सगळं मिळून ६४० रुपये. दुसऱ्या रात्री फिट आली तेव्हा तिथल्या पोरांनी तोंडात चमचा घातला आणि एक दात गेला. फिट आली की तोंडात काहीही घालायचं नसतं, माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या आणि दवाखाना गाठायचा. हे बस कंडक्टरलाही माहीत असतं. ज्याला धड शुद्ध नव्हती त्याचं ६,००० रुपयांचं समुपदेशन मात्र झालं होतं म्हणे. आणि ९,३०० ची थकबाकी कशाची, तर ‘मुदतीआधी डिस्चार्जचा दंड’ आणि परतीच्या गाडीचं भाडं. दोन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन वर दंड.

पावती समोर ठेवूनच लिहितोय. गुलाबी कागद, वर देवाचं चित्र, खाली ‘रजि. नं.’ आणि गोल शिक्का. मधे, मुंगीच्या अक्षरात, ‘स्वेच्छा देणगी’. आम्ही शिक्का बघितला, कोणीही तेच बघतं. तो नंबर ट्रस्टच्या नोंदणीचा आहे. ट्रस्ट भजनी मंडळाचाही असतो, त्याने पेशंट दाखल करून घ्यायचा परवाना मिळत नाही. भिंतीवरच्या आयएसओ प्रमाणपत्राच्या फ्रेमनेही मिळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी निगडित विकारही येतात, आणि असे पेशंट ठेवून घेणाऱ्या संस्थेला कलम ६५ खाली त्या त्या राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. केंद्र कर्नाटकात असेल तर खाजगी वैद्यकीय आस्थापनांच्या २००७ च्या कायद्याचीही नोंदणी लागते, आणि ती व दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. सीमेपलीकडचं असेल तर कागद महाराष्ट्राच्या प्राधिकरणाचा हवा. आपल्याकडे ही गल्लत मुद्दाम केली जाते: इकडच्यांना तिकडचा कागद दाखवायचा, तिकडच्यांना इकडचा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, नाव, पत्ता आणि मुदत तिन्ही ताडून बघा. पैसे संस्थेच्या खात्याऐवजी कुणा व्यक्तीच्या नावावर मागत असतील तर पुढे बोलूच नका. आमचे सगळे तसेच गेले.

‘उचलून नेणं’ ही सेवा कुठल्याही कायद्यात नाही. माणूस स्वतः राजी असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि जायचं म्हटलं तर सहसा जाऊ शकतो. राजी नसेल आणि जीवाला धोका असेल, तर त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा अर्ज, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी वेगवेगळं तपासणं, आणि कमाल ३० दिवस. त्यापुढे ठेवायचं तर कलम ९० खाली दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात. आमच्या फॉर्मवर डॉक्टरच्या सहीचा रकाना कोरा होता. ‘सर उद्या येऊन करतील.’ सर कधी आलेच नाहीत, किंवा सर नव्हतेच. डॉक्टरचं नाव आणि मेडिकल कौन्सिलचा नंबर मागा, ऑनलाइन रजिस्टरवर मिळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर असतो. ‘स्वतः सुटलेला आहे’ ही पदवी नव्हे. असा माणूस मदतीला चांगला असतो, पण त्याच्या हातात इंजेक्शन नको.

‘पहिले ३० दिवस भेट नाही, फोन नाही’ हा नियम ऐकला की उठा. भेटायचा आणि फोनवर बोलायचा हक्क कलम २६ मध्ये आहे. साखळीने बांधणं कलम ९५ ने बंद आहे. सक्तीने डोकं भादरणंही चालत नाही. १०० च्या स्टँप पेपरवर ‘कोणत्याही अपायास केंद्र जबाबदार नाही’ असं लिहून घेतात, त्याने मारहाणीला मुभा मिळत नाही, पण घरचे घाबरून गप्प बसतात. तेवढ्यासाठीच तो असतो.

आणखी एक आमिष खास आपल्यासाठी. ‘तुमचं गाव ८६५ मध्ये, म्हणजे महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या गावांत आहे ना? मग महाराष्ट्राच्या योजनेत सगळे पैसे परत.’ महात्मा फुले जनआरोग्य योजना ही नोंदलेल्या रुग्णालयातली कॅशलेस योजना आहे. तुम्ही रोख भरायचे आणि ते तुमच्या खात्यावर परत यायचे, असा प्रकार त्यात नाही. सीमाभागाच्या जखमेवरही कमिशन खाणारे हे लोक.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. इकडचं पोलीस ठाणं: ‘घटना महाराष्ट्रात झाली, तिकडं जावा.’ तिकडचं ठाणं: ‘पैसे कर्नाटकातून पाठवले, तिकडंच द्या.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्वच्छ लिहिलंय. ते कलम छापून नेलं तर साहेब म्हणाले, तुम्ही वकील आहात का? १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लावलं तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ हो, आम्हीच पाठवले. फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो, हिसकावले तर त्याला लूट म्हणतात. एका कचेरीत अर्ज मराठीत म्हणून परत केला, कन्नडमधून आणा. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. कन्नडमधून करून नेला, तर साहेब मीटिंगला. पण कळस केला पलीकडच्या कचेरीने: ‘हे केंद्र आमच्या यादीतच नाही, त्यामुळे कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही.’ म्हणजे परवाना घेऊन चूक केली तर कारवाई, परवानाच घेतला नाही तर मोकळं रान! मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०७ नेमकं बिननोंदणी संस्थेसाठीच आहे. पहिल्या वेळी दंड ५,००० ते ५०,०००. किमान दंड बघा, आमच्या बुकिंगएवढा.

ज्यांच्या घरी हे आत्ता चाललंय त्यांनी १४४४६ वर फोन करावा, ती केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मानसिक त्रास, धमक्या, आत्महत्येची भाषा असेल तर १४४१६, टेलिमानस. बेळगावात बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, गुंतागुंत जास्त असेल तर बंगळूरला निमहान्समध्ये व्यसनोपचाराचा वेगळा विभाग आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत पैसे घ्यायचे नसतात. तिथे कोणी मागितले तर १४४४६ वर सांगा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या बैठकीला फी नसते, त्यामुळे कुठल्या बिलात ‘एए प्रोग्रॅमचे ४,०००’ असं दिसलं तर तो आकडा सरळ खोटा. दोन खाजगी ठिकाणं ताडून बघायची असतील तर महिन्याचा एकच आकडा ऐकून घेऊ नका. औषधं, रक्ततपासणी, डॉक्टरच्या फेऱ्या, रात्री कोण असतं, फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेणार, आणि मधेच सोडलं तर किती परत, हे लेखी मागा. १८,००० चं ठिकाण शेवटी २८,००० च्या ठिकाणापेक्षा महाग पडतं. आणि घरी परतल्यावरचं वर्षभराचं औषध, तपासणी, फोन यावर जो गप्प बसतो तो फक्त खाटा भाड्याने देतोय.

बसस्टँडवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ पावडरीचंही सांगून ठेवतो, कारण केंद्रात फसलेले नंतर तिकडे वळतात. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावरच. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. चहात कालवायची ती वस्तू नव्हे.

पैशांसाठी आम्ही आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे निघालोय. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे सीमेपलीकडच्या केंद्राविरुद्धही बेळगावातूनच. मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलांच्या नोटिशीला केंद्राचं उत्तर आलं: ही देणगी आहे, तुम्ही आमचे ग्राहकच नाही. त्यांच्याच माणसाने बहिणीला पाठवलेलं दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच आहे, ‘डिटॉक्स १४,५००, कमी होणार नाही’. त्याचा प्रिंट तक्रारीला जोडलाय.