मे महिन्यातले अकरा दिवस: मजुरीवरच्या आंबा कॅनिंगचा अनुभव

मालवण तालुक्यातील आमच्या घरगुती उद्योगात आम्ही चौघीजणी आमरस, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुले तयार करतो. तिन्हींचा कच्चा माल एकाच वेळी दारात येतो, हीच या धंद्याची खरी अडचण आहे. डागी किंवा लहान म्हणून पेटीत न जाणारा हापूस मे महिन्यात कॅनिंगच्या दराने मिळू लागतो, त्याच पंधरवड्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकून गळू लागतात, आणि जून उजाडल्यावर आमसुले वाळण्याइतके ऊन मिळेल याचा भरवसा उरत नाही. म्हणून गेल्या हंगामात आमरसाचे काम आम्ही देवगड परिसरातील एका कॅनिंग केंद्राकडे मजुरीवर सोपवले.

आंबा आपला, रस काढणे, डबे, झाकणबंदी आणि निर्जंतुकीकरण त्यांचे, अशी पद्धत आहे. फळ आपल्यासमोर तोलतात आणि कापताना निघालेल्या साक्याचे (गरातल्या स्पंजासारख्या खराब भागाचे) वजन वहीत वेगळे लिहितात, हे मला विशेष आवडले. आमच्या 800 किलो आंब्यातून 850 ग्रॅमचे 470 डबे भरले, म्हणजे फळाच्या निम्म्या वजनाइतका रस मिळाला. रसाचा रंग घरच्यापेक्षा उजळ आहे. गरम रस भरून बंद केलेले डबे उकळत्या पाण्यातून काढल्यावर लगेच थंड केले नाहीत, तर रस आतल्या आत शिजत राहून काळपटतो. आमच्या पातेल्यांत नेमके तेच होत असे.

दर डब्यामागची मजुरी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती महाग वाटली, कारण घरच्या खर्चात आम्ही फक्त गॅस आणि बाटल्या धरत होतो. घरातल्या बायकांच्या श्रमाची किंमत शून्य मांडायची आपली जुनी खोड आहे. प्रत्यक्षात एवढ्याच आंब्याला आमचे अकरा दिवस जात आणि तोवर रातांब्यांच्या टोपल्या कुजत. या वेळी आंबा पोचवणे आणि डबे आणणे अशा केंद्रावर दोनच खेपा झाल्या, आणि उरलेल्या दिवसांत रातांबे फोडणे, मीठ घालून आगळ काढणे आणि सालींना रसाची पुटे देऊन त्या पुन्हा पुन्हा वाळवणे ही कामे पावसाआधी उरकली.

मात्र जिच्यासाठी पैसे मोजले ती वेळच केंद्राने पाळली नाही. ठरलेल्या तारखेपासून दहा दिवस मागे मोजून आम्ही आढी घातली होती, म्हणजे कच्चा आंबा पिकायला गवतात रचला होता. आदल्या संध्याकाळी फोन आला, की एका मोठ्या व्यापाऱ्याचा माल आल्याने तुम्ही दोन दिवसांनी या. पिकलेला आंबा थांबत नाही. सहा क्रेट फळ जास्त पिकून उतरले आणि त्याची घाईघाईने आंबापोळी घालावी लागली. डब्यांचे पुठ्ठ्याचे खोकेही ओलसर होते. कोकणच्या पावसाळ्यात एवढा ओलावा गंजाला पुरेसा असतो, म्हणून घरी आणल्यावर प्रत्येक डबा पुसून ठेवण्यात एक दिवस गेला.

पैशांच्या बाबतीत केंद्राची पद्धत लहान उद्योगाला सोयीची आहे. निम्मी मजुरी आगाऊ, उरलेली माल उचलताना, आणि पंधरा दिवस गोदामभाडे नाही. आंबा, साखर, बाटल्या यांत सगळे भांडवल मे महिन्यातच अडकते आणि डबे तर पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत विकले जातात, त्यामुळे ही पंधरा दिवसांची सवड मजुरीतल्या एखाद्या रुपयाच्या सवलतीपेक्षा मोलाची ठरते.

एका वेळी किमान 500 किलो आंबा आणण्याची अट असल्याने आमचा माल दोन तारखांत विभागता येत नाही. यंदा शेजारच्या गावातील बचत गटासोबत मिळून दोन तारखा घेतल्या आहेत आणि आढीही दोन टप्प्यांत घालणार आहोत. उशीर झाल्यास नासलेल्या फळाची भरपाई वहीत लिहून द्यावी, ही मागणी केंद्राने अजून मान्य केलेली नाही. ती मान्य होईपर्यंत पहिल्या तारखेला 500 किलोपेक्षा एकही क्रेट जास्त न्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.