जन्मदाखल्यावरील नाव व लिंगनोंदीची दुरुस्ती: एक अभिप्राय

तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज केल्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे ओळखप्रमाणपत्र मला विनाशुल्क, एकही हेलपाटा न घालता मिळाले; ही सेवा खरोखर चांगली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात मात्र, २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याखालील २०२० च्या नियमांत कागदपत्रांतील बदलासाठी १५ दिवसांची मुदत असूनही, मला चार महिने खेटे घालावे लागले. आधी शाळा सोडल्याचा दाखला बदलून आणा, असे तिथे सांगत, आणि शाळा जन्मदाखला मागत होती. जन्मदाखल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले या नियमांचे परिशिष्ट छापून टेबलावर ठेवले, तेव्हा कुठे अर्जावर आवक शिक्का पडला. दाखला देताना खिडकीवरच्या बाईंनी माझे नवे नाव नीट उच्चारून वाचले, याचे मला फार मोल वाटते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय मात्र तिथून हलू नये.